तिघींची सहमती

पन्नाशी उलटल्यावर रत्नाक्काला आयुष्यातली पहिली नोकरी लागली. मुलाखत फोनवरच झाली आणि ती एका यंत्राने घेतली. प्रश्न एकच होता: तुम्ही मूल वाढवलं आहे का? रत्नाक्काला हसू फुटलं. एक स्वतःचं, दोन दिरांची, आणि गल्लीतली पोरं तर कुणी मोजली होती! ती म्हणाली, "व्हय की." यंत्र म्हणालं, "अभिनंदन." आपल्या जावयाचं नाव याला कसं कळलं, असं क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं.

जाहिरात गल्लीतल्या सगळ्याच बायकांनी वाचली होती. 'घरबसल्या काम. अनुभव नको, शिक्षण नको, फक्त कान हवेत.' इचलकरंजीच्या या गल्लीला घरबसल्या काम नवं नव्हतं. पूर्वी इथल्या बायका दारात चरखा मांडून यंत्रमागासाठी कांड्यांवर सूत भरायच्या, हात सुतावर आणि जीभ शेजारणीवर. मग माणसांशिवाय चालणारे माग आले, कांडीच लागेनाशी झाली आणि चरखे माळ्यावर गेले. रत्नाक्काचा नवरा छातीत बसलेला कापूस घेऊन त्याच सुमाराला गेला. एकुलती एक लेक गौतमी लग्न होऊन पुण्याला राहायची, जावई अभिनंदन तिथेच नोकरीला. घरात रत्नाक्का एकटी, त्यामुळे कानांना रिकामा वेळ भरपूर होता.

कंपनीच्या यंत्राचं नाव होतं 'कानोसा'. शर्टाच्या गुंडीएवढा, पाळण्याच्या दांडीला अडकवायचा. बाळ रडलं की कानोसा ऐकायचा आणि आईच्या फोनवर सांगायचा: भूक लागली आहे, झोप आली आहे, पोटात वायू धरला आहे, नाहीतर दवाखान्यात न्या.

हे काही पोपटाने चिठ्ठी काढणं नव्हतं. त्यामागे सरळ शरीरशास्त्र होतं. मेंदूतून निघालेला एक लांबलचक मज्जातंतू घशावरून, हृदयावरून उतरत थेट आतड्यांपर्यंत जातो आणि जाता जाता स्वरयंत्रालाही एक फांदी देतो. त्यामुळे पोटात कळ उठली की स्वरतंतू ताणले जातात, रडण्याची पट्टी चढते, दोन रडण्यांमधला श्वास तुटतो. मोठं माणूस हे लपवू शकतं, तान्ह्याला ते जमत नाही. कानोसा एकेका सेकंदाचे हजारो तुकडे करून हे सगळं मोजत होता. पण नुसत्या मोजमापाला अर्थ नसतो. अमुक रडणं म्हणजे अमुक दुखणं, हे यंत्राला आधी कुणीतरी शिकवावं लागतं. लाखो रडणी ऐकत बसायला कोणता डॉक्टर रिकामा होता? म्हणून मग बायका.

काम अगदी सोपं. हेडफोन लावायचा, रडणं ऐकायचं आणि फोनवरच्या चार बटणांपैकी एक दाबायचं. भूक हिरवं, झोप निळं, वायू पिवळं आणि दवाखाना लाल. एकच रडणं एकाच वेळी तीन घरांतल्या तीन बायकांकडे जायचं. बाळ कुणाचं ते ओळखू येऊ नये म्हणून आवाजाची पट्टी बदललेली असे. लय मात्र तशीच ठेवत, कारण दुखणं लयीत असतं. लहान मुलांचे आवाज राज्याबाहेर न्यायचे नाहीत असा कायदा होता, त्यामुळे रडणारी बाळं आपलीच, नगर-नाशिकची, पुण्या-परभणीची.

आता बाळाला खरंच काय होत होतं, हे कंपनीलाही ठाऊक नव्हतं. म्हणून तिघींचं, निदान दोघींचं, जे जुळेल ते खरं, असा नियम. त्याला कंपनी 'सहमती' म्हणायची. जिचं उत्तर इतर दोघींशी जुळत नाही, तिचं काम आपोआप कमी होई. लाल दाबून जुळलं नाही तर फारच, कारण यंत्र उगीच लाल सांगायला शिकलं की आईबाप धावत दवाखान्यात जात, तिथे काही निघालं नाही की कंपनीच्या नावाने शिमगा करत.

रत्नाक्काने अगदी सुरुवातीलाच एका रडण्याला लाल दाबलं. तिच्या कानाला ते बरं वाटलं नव्हतं. दुसऱ्या दोघींनी पिवळं दाबलं, आणि रत्नाक्काचा फोन असा मुका झाला की तिने तो दोनदा दुकानात दाखवून आणला. शेवटी ती मालनकडे गेली. मालन समोरच्या घरातली, भिशी चालवणारी, गल्लीची न निवडलेली आमदार. हे काम गल्लीत तिनेच आणलं होतं.

"अक्का, तुमी लई ऐकत बसताय," मालन म्हणाली. "ऐकून उपेग काय? जुळाय पायजे. आपलं ठरलंय सगळ्या बायकांचं. भूक कळती, झोप कळती, तितं त्येच दाबायचं. आन् शंका आली की वायू. डोळं झाकून वायू. म्हंजे आपलं आपल्यात जुळतंय."

"आन् पोरगं खरंच आजारी असलं तर?"

"मग त्येच्या आईला दिसंलच की. आपण काय हितनं त्येला बाटली पाजणार हाय?"

रत्नाक्काला यात वावगं काही दिसलं नाही. पोरं नव्वद टक्के वेळा वायूनेच तर रडतात. तीही शंका आली की वायू दाबू लागली आणि फोन पुन्हा वाजू लागला. गल्लीची सहमती एवढी वाढली की कंपनीने त्यांना 'राज्यातले सर्वांत विश्वासू कान' असं प्रमाणपत्र पाठवलं. मालनने ते फ्रेम करून देवघराशेजारी लावलं. पुढे कानोसा घरोघरी पोचला, तेव्हा कंपनीने नवी सोय केली: एखाद्या रडण्याचा अर्थ लावताना यंत्र अडखळलं, तर ते रडणं त्याच क्षणी माणसांकडे पाठवायचं. कुणाकडे? ज्यांची सहमती सर्वांत जास्त त्यांच्याकडे. अख्ख्या महाराष्ट्रातली अवघड रडणी अशी या एका गल्लीत येऊ लागली, आणि गल्ली त्यांना वायू म्हणू लागली.

नातवाच्या बारशाला रत्नाक्काने कानोसाच नेला. मुलाचं नाव सन्मती ठेवलं. पाळण्याच्या दांडीला तिने स्वतःच्या हाताने यंत्र अडकवलं आणि चारचौघींत मिरवून घेतलं. गौतमीला म्हणाली, "रातीबेराती घाबरायचं न्हाई आता. मशीनला कळलं न्हाई तर तीन-तीन बायका ऐकत्यात गं. मशीन चुकंल, बाई चुकायची न्हाई." गौतमीने आईकडे कौतुकाने पाहिलं. आई पहिल्यांदाच कुठल्यातरी कामाबद्दल इतक्या ताठ मानेने बोलत होती.

सन्मती बसायला लागला, दोन दात आले. आणि एका गुरुवारी सकाळी रत्नाक्का मेथी निवडत असताना फोन वेगळ्या सुरात वाजला. थेट रडणं आलं होतं. तिने हेडफोन कानाला लावला.

एक किंकाळी. मग एकदम शांतता. नुसती शांतता नव्हे, बाळ दमून गळून पडल्यासारखी. मग पुन्हा किंकाळी, आणि तिच्या शेवटी श्वास दोनदा आत ओढलेला, हुंदक्यावर हुंदका. रत्नाक्काच्या हातातली काडी तशीच राहिली. वायूचं पोर असं रडत नाही. ते कुरकुरतं, वळवळतं, सतत भुणभुणतं. हे थांबत होतं, आणि थांबलं की जास्त भीती वाटत होती. तिचा अंगठा लाल बटणाकडे गेला. पडद्यावरची वेळेची पट्टी सरकत होती. बाकीच्या दोघी काय दाबणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. मुका झालेला फोन तिला आठवला आणि अंगठा पिवळ्यावर आला.

'सहमती पूर्ण. धन्यवाद,' फोन म्हणाला. ती परत मेथीला लागली. जुड्या निवडून झाल्या तरी मन मात्र लागत नव्हतं.

दुपारी गौतमीचा फोन आला.

"आई, सन्मती सकाळपासून रडतोय गं. मध्येच पाय पोटाशी घेऊन किंचाळतो, मग एकदम गप्प पडतो. दूध घेतलं नाही, घेतलं तेवढं ओकला. बेंबीभोवती हिंग लावलं. अजून काय करू?"

"कानोसा काय म्हणतोय?"

"वायू. तोही नक्की नव्हता सांगत, मग त्यानं बायकांना विचारलं. त्यांनीही वायूच सांगितलं."

तेवढ्यात मागून सन्मती रडला. या वेळी पट्टी बदललेली नव्हती, आवाज त्याचा स्वतःचा होता. किंकाळी, आणि शेवटी दोनदा आत ओढलेला श्वास. सकाळची लय रत्नाक्काने लगेच ओळखली.

"गौतू, दवाखान्यात ने त्येला."

"अगं, पण मागच्या महिन्यात दोनदा नेलं, दोन्ही वेळा डॉक्टर हसले. अभि म्हणतो, उगीच पळापळ नको, एवढ्या बायकांनी ऐकून सांगितलंय. तूच नाही का म्हणत होतीस, बाई चुकायची नाही?"

आता सांगायला हवं होतं. त्यातली एक बाई मी, आणि मी खोटं बटण दाबलं, एवढी दोन वाक्यं. ती रत्नाक्काच्या ओठांवर आलीही. पण बारशातली ताठ मान आडवी आली. गल्लीचं काम जाईल, मालन तोंड बघणार नाही, जावई काय म्हणेल, असं सगळं एकदमच डोक्यात गर्दी करून आलं. आणि वर स्वतःलाच घातलेली समजूत: असेलही वायू, बाकीच्या दोघींनाही तसंच वाटलं असेल की.

"बरं, थोडा येळ बघ," ती म्हणाली. "परत रडला तर मातुर थांबू नगंस."

फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरातच बसून राहिली. गॅसवर काही नव्हतं तरी दोनदा उठून तिने गॅस पाहिला. थोडा वेळ म्हणजे किती, हे तिने लेकीला सांगितलं नव्हतं. ऊन मागच्या दारात आलं तेव्हा फोन पुन्हा त्या वेगळ्या सुरात वाजला.

तेच रडणं. पट्टी बदललेली, लय तीच. किंकाळी आता बारीक झाली होती, मधली शांतता लांबली होती. रत्नाक्काने लाल बटण दाबलं. एकदा पुरत नाही असं वाटून परत परत दाबत राहिली.

'निकाल: वायू. तुमचं उत्तर इतर दोघींशी जुळलं नाही. कृपया लक्षपूर्वक ऐका.'

ती अनवाणीच मालनच्या घरात शिरली. मालन चपात्या लाटत होती. हेडफोन गळ्यात, फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला.

"मालन, आत्ता आलं हुतं का एक? मधीच गप हुणारं?"

"आलं की. दाबला वायू." मालनने मान वर केली. "का वं?"

"त्यो माझा सन्मू हाय."

मालनच्या हातातलं लाटणं पोळपाटावरच थांबलं. "कशावरनं?"

"आजी हाय मी त्येची. सकाळपास्नं तीनदा ऐकलंय."

"आवो मग हितं काय करताय!" मालन ओरडलीच. "फोन लावा की पोरीला!"

फोन अभिनंदनने उचलला. "आई, आत्ताच पुन्हा आलं, वायूच आहे. तिघींनी—"

"अभिनंदनराव, त्या तिघीतली एक मी हाय. सकाळी मीच दाबला वायू. खोटा दाबला. आमी सगळ्या तसंच दाबतो, ऐकून घेत न्हाई, एकमेकीशी जुळावं म्हणून दाबतो. त्यात काय खरं न्हाई. पोराला उचला आन् पळा."

पलीकडे फोन कशावर तरी आपटला. मग लांबून गौतमीचा आवाज आला. ती बाळाचा लंगोट बदलत असावी. "अभि, इकडे ये. हे लाल काय आहे?"

रत्नाक्का मिळेल त्या गाडीने पुण्याला पोचली तेव्हा ऑपरेशन होऊन गेलं होतं. डॉक्टरीणबाई वयाने गौतमीएवढ्याच होत्या. समजावताना त्यांनी आपल्या सदऱ्याची बाही ओढून दाखवली. बाही उलटी करताना कापड आपल्याच आत शिरतं, तसं या वयातल्या बाळांचं आतडं कधीकधी आतड्यात शिरतं. पकड सुटली की बाळ शांत होतं, पुन्हा आवळलं की किंचाळतं. आत अडकलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो कुजायला लागतो.

"सकाळी आणलं असतं, तर नुसती हवा भरून आतडं जागेवर बसवता आलं असतं," त्या म्हणाल्या. "कापायचीही गरज पडली नसती." मग त्यांनी गौतमीचा चेहरा पाहिला आणि ओढलेली बाही नीट केली.

विष अंगभर पसरलं होतं. सन्मती दुसऱ्या दिवशी गेला.

इचलकरंजीला परतल्यावर रत्नाक्काने कंपनीला कळवलं. मालननेच टाइप करून दिलं, रडत रडत, काहीही न लपवता. उत्तर यंत्राकडून आलं. त्या रडण्यावर दोन वेळा मानवी पडताळणी झाली असून दोन्ही वेळा निकाल वायू असा आहे. पहिल्या वेळी सहमती पूर्ण होती. दुसऱ्या वेळी एक उत्तर न जुळल्याने ते नियमानुसार वगळण्यात आलं आहे. आपल्या भावना आम्ही समजू शकतो.

त्या दुपारी मालनने गल्लीतल्या सगळ्या बायकांना दारात बोलावलं. कुणी कुणाला बोल लावला नाही, तेवढं धाडस एकीतही नव्हतं. ठरलं ते एवढंच: यापुढे नीट ऐकायचं, आणि मनात जरा जरी आलं तरी लाल. सगळ्यांनी लाल दाबलं की सहमती होईल, सहमती झाली की यंत्र तसंच शिकेल. कानांनी बिघडवलं ते कानांनीच दुरुस्त करायचं. बायका हेडफोन लावून बसल्या. चहा गार झाले, दिवेलागण झाली, पण एकीचाही फोन वाजला नाही.

आठवड्याने सगळ्यांना एकच निरोप आला. 'आपल्या सहकार्याने कानोसा आता पूर्ण शिकला आहे. अवघड रडण्यांबाबत त्याचा आत्मविश्वास अपेक्षेपेक्षा जास्त आढळल्याने मानवी पडताळणी थांबवण्यात येत आहे. आपण घडवलेला कान आता प्रत्येक पाळण्यात असेल.' गल्लीने त्याला जे शिकवलं होतं ते त्याने मन लावून शिकून घेतलं होतं. आता तो अडखळत नव्हता, कुणाला विचारत नव्हता.

मालनने भिंतीवरचं प्रमाणपत्र काढून ठेवलं. बायकांनी डॉक्टरांना लिहिलं, वर्तमानपत्राला लिहिलं. एका छोट्या बातमीत गल्लीचं नाव चुकीचं छापून आलं आणि विषय मिटला.

गौतमी आली ती पुढे कितीतरी दिवसांनी, एकटीच, कळवल्याशिवाय. पाणी प्यायली, स्वयंपाकघरात जमिनीवर बसली. रत्नाक्काने भात टाकला होता, तो उतरवायचं तिला सुचेना.

"अभि म्हणतो, तुझी चूक नाही," गौतमी म्हणाली. "सगळ्याच दाबत होत्या. कुणाचं बाळ ते तुला कसं कळणार. मीही स्वतःला तेच सांगते. दुपारी तू सांगितलं नाहीस, तेसुद्धा मी समजून घेते, घाबरली असशील. फक्त एकच विचारायला आलेय."

"विचार."

"त्या मशीनला कळत नव्हतं, म्हणून त्यानं विचारलं. सकाळी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा तुला माहीत नव्हतं आपला सन्मू आहे ते. कुणाचंतरी बाळ होतं." गौतमीने मान वर केली. "पण ते वायूचं रडणं नाही, हे कळलं होतं का तुला?"

नाही म्हटलं असतं तर चाललं असतं. पुण्याहून इतक्या लांब ती 'नाही' ऐकायलाच आली होती, हे रत्नाक्काला तिच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं. नाही म्हटलं तर चूक भाबडी ठरणार होती, लेक कुशीत शिरून रडणार होती, आणि दोघींना जगायला काहीतरी उरणार होतं. पण बाळाचं रडणं ओळखणं ही आयुष्यात एकच गोष्ट होती, जी रत्नाक्काला बिनचूक यायची. ती नाकारायला तोंड उघडेना.

"व्हय," ती म्हणाली. "कळलं हुतं."

भात लागल्याचा वास आला म्हणून गौतमीनेच उठून गॅस बंद केला, पिशवी उचलली आणि दारात जाऊन चपला घातल्या. माहेराहून निघालेल्या लेकीला कुंकू लावून पाठवायचं असतं. रत्नाक्का करंडा घेऊन बाहेर येईपर्यंत रिक्षा गल्लीच्या तोंडाशी पोचली होती.